'उशी' या शब्दाला उत्तर देऊ नका

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

त्यांच्या घरी दर गुरुवारी साडेसातला नऊ-दहा जण प्रार्थनेला जमतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळीतले, दोघी कॅथलिक. पूर्वी गाणी, वचन, कुणीतरी केलेलं स्पष्टीकरण आणि शेवटी लांब प्रार्थना असा कॉटेज मीटिंगचा नेहमीचा शिरस्ता होता. मागच्या वर्षी ताई एका शिबिरात शास्त्रपाठावरून प्रार्थना करण्याची सात पायऱ्यांची पद्धत शिकून आल्या आणि गुरुवारी ती सुरू केली. ती काही जमत नाही. शांततेच्या वेळी कुणी मोबाइल चाळतं, एक आजी डुलक्या घेतात. निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, बोलायला लागले की वीस मिनिटं थांबत नाहीत. त्यांच्या मते ही पद्धत कॅथलिकांची आहे, आपली नव्हे. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी वारली, तेव्हापासून ते एकटेच राहतात. सहावी पायरी, म्हणजे आपण काय करायचं ते ठरवणं, उशीर होतो म्हणून गाळली जाते.

दोन महिन्यांपूर्वी मार्कच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातला वादळाचा उतारा होता: येशू तारवात झोपलाय, वादळ येतं आणि घाबरलेले शिष्य त्याला उठवतात. एरवी तोंड न उघडणारी एक तरुण सून म्हणाली, "मला 'उशी' हा शब्द लागला. तारू बुडायला आलंय आणि त्याच्या डोक्याखाली उशी." गुरुजी लगेच म्हणाले, "म्हणूनच येशूनं विचारलं, तुम्हाला अजून विश्वास कसा नाही? तुझा विश्वास कमी पडतोय, बाळ." मग चहा झाला. त्यानंतर ती आलेली नाही. ताई लिहितात, "तिच्या घरी बरं चाललेलं नाही, हे आम्हाला अर्धंमुर्धं माहीत आहे. शांततेत काही घडत नाही, आणि बोलायला लागलं की हे असं होतं. आमच्या लोकांना ही पद्धत झेपणारी नाही. पुन्हा साधा बायबल स्टडी सुरू करू का? आणि तिला परत कसं आणू?"

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'शांततेत काही घडत नाही' या वाक्याशी अडखळले. कारण त्याच्याच वर चार ओळी तुम्ही जे घडलं ते लिहिलंय. ती मुलगी तुमच्या घरात, तुमच्या त्या अवघडलेल्या तीन-चार मिनिटांत, एका शब्दापाशी जाऊन थांबली. तो शब्द तिला कुणी दिला नव्हता. आणि शब्द तरी कसा! हीच गोष्ट मत्तय सांगतो, लूकही सांगतो, पण उशी त्या दोघांकडे नाही. ती एकट्या मार्ककडे आहे. मी हा उतारा लहानपणी रविवारच्या शाळेत चित्र रंगवत ऐकला, मोठेपणी कितीदा वाचला, आणि दर वेळी वाऱ्याकडे नि लाटांकडे पाहत पुढे गेले. ती उशीकडे पाहत बसली. तुमची शांतता वाया गेलेली नाही. गडबड त्या शांततेनंतर झाली, पाचव्या पायरीवर, म्हणजे काय भिडलं ते सांगताना.

म्हणून पद्धत सोडायची की ठेवायची, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी त्या संध्याकाळीच परत जाऊन येऊ.

ती जे बोलली तो प्रश्न नव्हता, शंकाही नव्हती. ती प्रार्थना होती. शिष्य तरी दुसरं काय म्हणाले? "गुरुजी, आपण बुडतो ह्याची आपणाला काळजी नाही काय?" आपल्या मराठी शास्त्रात ते येशूला 'गुरुजी' म्हणतात; तुमच्याकडच्या गुरुजींनी त्या हाकेला स्वतःच उत्तर दिलं, ही योगायोगाची गंमत मला हसवूनही गेली आणि टोचूनही. आता मार्कचा क्रम बघा. येशू उठतो, वाऱ्याला धमकावतो, समुद्राला म्हणतो, "उगा राहा, शांत हो." वारा पडतो. त्यानंतर विश्वासाचा प्रश्न येतो. (मत्तयाकडे क्रम उलटा आहे, आधी प्रश्न आणि मग वारा. गुरुजींना ते नक्की ठाऊक असेल आणि ते तुम्हाला सांगतीलही. पण त्या गुरुवारी वाचलेला उतारा मार्कचा होता.) तुमच्या बैठकीत वारा कुणी थांबवला नाही, थांबवायचा प्रयत्नही झाला नाही, आणि प्रश्न तेवढा तिच्या पदरात पडला.

आता थोडं कडू बोलते. गुरुजी बोलले, पण बाकीचे आठ जण गप्प राहिले, आणि त्यात तुम्हीही होता. शांततेबद्दल तुमची एवढी तक्रार आहे; पण चहाचे कप येईपर्यंत पसरलेली ती शांतता सगळ्यांना न शिकवता जमली. त्या मुलीनं ती शांतता घरी नेली असणार. गुरुजींचं वाक्य कदाचित दुसऱ्या दिवशी विसरलीही असेल.

तेव्हा 'तिला परत कसं आणू' हे आत्ता विचारू नका. तिच्याकडे जा. एकट्याच जा, घरात इतर कुणी नसेल अशा वेळी. 'सगळे तुझी आठवण काढतात' असं म्हणू नका. त्यात गुरुवारी यायचं निमंत्रण लपलेलं असतं आणि ते तिला लगेच कळेल. त्याऐवजी जे खरं आहे ते सांगा: त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. मग ऐका. शास्त्र पिशवीत असू दे, पण ते काढायची घाई नको. अर्धंमुर्धं जे माहीत आहे त्याबद्दल सरळ विचारा: घरात तू सुरक्षित आहेस का? कुणी हात उगारतं का? उत्तर 'हो' आलं, तर 'आपण प्रार्थना करू' एवढ्यावर उठून येऊ नका. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी 112 आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्यासाठी आधी नवऱ्यापासून वेगळं व्हावं लागत नाही. काय करायचं आणि कधी, ते तिलाच ठरवू द्या. व्हॉट्सअॅपवर यातलं काहीही लिहू नका, तिचा फोन कोण बघतं ते आपल्याला माहीत नाही. आणि तिच्या मनात नसताना पाळकसाहेबांना मध्ये घालून 'समजूत' घडवून आणू नका. आपल्या मंडळ्यांमध्ये समजूत घालणं म्हणजे बऱ्याचदा सुनेला परत धाडणं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ती गुरुवारी परत येईल की नाही ते तिचं तिला. नाही आली तरी तुमची फेरी फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

आता पद्धतीकडे येऊ. गुरुजी म्हणतात ही कॅथलिकांची. अर्धं बरोबर आहे. सात पायऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को या कॅथलिक संस्थेनं बसवल्या आणि तिथून त्या आशियातल्या छोट्या समूहांपर्यंत आल्या. प्रभूला बोलावणं, उतारा वाचणं, त्यातले शब्द निवडून पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणणं, शांतता, मग काय भिडलं ते सांगणं, आपण काय करायचं ते ठरवणं आणि शेवटी प्रार्थना. त्याच्याही मागे गेलात तर बाराव्या शतकातला गीगो नावाचा फ्रान्समधला एक मठवासी भेटतो. त्यानं वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवली. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेला त्याची चव लागते, आणि चिंतन म्हणजे ती गोडीच, असं काहीसं तो म्हणतो.

पण गुरुजींना प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरची गोष्ट सांगा, ती त्यांना आवडेल. ल्यूथरच्या न्हाव्यानं, पेटरनं, त्याला प्रार्थना कशी करावी असं विचारलं. 1535 मध्ये ल्यूथरनं त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. दहा आज्ञांमधली एकेक आज्ञा घ्यायची आणि तिचे चार पदर करून हार गुंफायचा: ती मला काय शिकवते, मी कशासाठी आभार मानू, मी कुठे चुकलो, आणि आता काय मागू. वर त्यानं न्हाव्याला न्हाव्याचंच उदाहरण दिलं: वस्तरा हातात असताना लक्ष इकडेतिकडे गेलं तर गिऱ्हाइकाचं नाक कापलं जाईल. आणि मनन चालू असताना पवित्र आत्मा मध्येच काही सुचवू लागला, तर आपले ठरलेले शब्द सोडून गप्प राहून ऐकावं, असंही त्यानं सांगितलंय. म्हणजे गप्प बसण्याची ही शिकवण ल्यूथरचीही आहे. पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचं 'रात्रंदिवस मनन' करणारा जो माणूस आहे, तिथला मूळ हिब्रू शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटण्याचा आहे. यशयाच्या पुस्तकात तोच शब्द सिंहाच्या गुरगुरण्यासाठी आलाय. हाड मिळालेलं जनावर ते सोडत नाही, तसं वचन धरून बसायचं. हे सगळ्या पंथांच्या आधीचं आहे.

तरीही बायबल स्टडीला कमी लेखू नका. 'वरामावर उशी घेऊन झोपला' हे जुन्या भाषांतरात वाचल्यावर वराम म्हणजे तारवाचा मागचा भाग, हे कुणीतरी सांगायला लागतं. आपल्या नगरकडच्या माणसाला तारवाची नाळ कुठली नि वराम कुठला, हे कुठून कळणार? गालीलचा समुद्र म्हणजे खरं तर डोंगरांमध्ये सापडलेलं सरोवर, म्हणून तिथे वारा अचानक उतरतो, हेही सांगायला कुणीतरी लागतं. मात्र दोन्ही गोष्टी एकाच तासात कोंबू नका. महिन्यातला एक गुरुवार अभ्यासाचा ठेवा आणि तो गुरुजींना द्या. नुसतं 'बोला' म्हणून नव्हे. आधी विषय ठरवून, वेळ सांगून, मान देऊन द्या. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला शिकवायची जागाच ठेवली नाही, तर तो प्रत्येक जागेचा वर्ग करणार.

बाकीच्या गुरुवारी उतारा वाचायचं काम त्यांचं. शाळेत शिकवलेला माणूस, आवाज असणारच. आणि त्यांच्याशी एकदा खाजगीत बोला, सगळ्यांसमोर अजिबात नको. 'तुम्ही फार बोलता' हे नका सांगू. त्या मुलीला काय वाटलं असेल ते सांगा.

गुरुजींबद्दल आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दोन वर्षं ते एकटे आहेत. सोमवारपासून बुधवारपर्यंत त्यांच्या घरात शांतताच असते. गुरुवारी माणसांत यायचं आणि तिथेही तुम्ही म्हणायचं, आता शांत बसू या! तुम्हाला ही शांतता देणगी वाटते. त्यांना ती घरून आणलेला डबा परत उघडल्यासारखी वाटत असेल. मार्कनं त्या गोष्टीत जाताजाता एक अर्धं वाक्य घातलंय, की इतर तारवंही त्याच्याबरोबर होती. त्या तारवांचं काय झालं ते तो सांगत नाही. वादळ त्यांच्यावरही आलं असणारच. एखाद्या मंगळवारी गुरुजींना जेवायला बोलवा, आणि तिथे हवं तेवढं बोलू द्या.

शांतता बसत नाही याचं एक कारण अगदी साधं असावं: तुम्ही शिबिरातली शांतता घरात आणलीत. शिबिरात दोन दिवस फोन बंद असतो, स्वयंपाक दुसरं कुणी करतं. इथे शेजारच्या कुकरची शिट्टी होते, दारात मोटारसायकल थांबते, आणि कुणाची तरी सून मनात पोळ्या मोजत असते. मी पहिल्यांदा असं बसवलं तेव्हा दहा मिनिटं म्हटलं होतं. चौथ्या मिनिटाला एक काका उठून पंख्याचा वेग कमी करून आले, मग दुसऱ्यांनी तो वाढवला. तेव्हापासून आम्ही तीन मिनिटांपासून सुरुवात केली. तुम्हीही तीनच ठेवा. फोन टोपलीत जमा करा. पण मग वचन कशावर वाचायचं, असा प्रश्न येईल, कारण निम्म्या लोकांचं शास्त्र फोनमध्येच असतं. त्यालाही माझं उत्तर हेच: वाचूच नका, ऐका. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून किंवा उघडे ठेवून ऐकायचं. पहिल्यांदा जुन्या भाषांतरातून, दुसऱ्यांदा सोप्या भाषांतरातून, वेगळ्या आवाजात. दोन भाषांतरांत शब्द बदलला की कान टवकारतो. ज्यांना वाचता येत नाही किंवा भरभर वाचता येत नाही, त्यांना यात कमीपणा राहत नाही. पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू नि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणत होत्या, तेव्हा अशाच साध्या, कमी शिकलेल्या बायका त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. 1922 मध्ये त्या गेल्या, आणि सबंध बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं.

डुलकी घेणाऱ्या आजींना उठवू नका. त्या उताऱ्यात झोपलं कोण होतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

उतारा लहान ठेवा. वादळाची गोष्ट सात ओव्यांची आहे, तेवढी पुरते. तिसऱ्या पायरीवर प्रत्येकानं एक शब्द किंवा एक तुकडा तीनदा म्हणायचा, दोन वेळांच्या मध्ये श्वासभर थांबायचं. स्पष्टीकरण नाही. पहिल्यांदा हसू येतं, येऊ द्या.

मग पाचवी पायरी. इथे प्रवचन नाही, वाद नाही, हे त्या पद्धतीतच बसवलेलं आहे, पण ते दर गुरुवारी मोठ्यानं म्हणावं लागतं. वाक्याची सुरुवात 'मला' नं व्हायची. 'आपल्याला यातून शिकायला मिळतं' नाही, 'तुला देव सांगतोय' तर मुळीच नाही. वचन दुसऱ्याच्या अंगावर बेतून द्यायची आपल्याला फार हौस असते. स्वतःच्या अंगावर ते कधी सैल होतं, कधी टोचतं, म्हणून ते शेजाऱ्याला घालून बघतो. एकाचं बोलणं झालं की कुणी काही उत्तर द्यायचं नाही. 'आमेन'ही नको. पुढचा माणूस बोलण्याआधी दोन श्वास जाऊ द्या. कुणी काही बोललं नाही तरी चालेल. आणि कुणी चुकून तिसऱ्याच्या अंगावर गेलंच, तर तिथल्या तिथे थांबवायचं काम तुमचं आहे, घर तुमचं आहे. 'गुरुजी, तिचं तिला राहू द्या' एवढं वाक्य पाठ करून ठेवा.

इथे बोललेलं इथेच राहील, हेही आधी ठरवा. तालुक्याच्या गावात गुरुवारी रात्री बोललेलं रविवारी चर्चच्या आवारात चपला घालताना ऐकू येतं. त्यात सासू त्याच मंडळीत असेल तर मग बघायलाच नको. कुणाला हे पाळणं जमणार नसेल तर त्यांनी तसं स्पष्ट म्हणावं, राग धरायचा नाही.

सहावी पायरी मात्र गाळू नका. 'उशीर होतो' म्हणून तुम्ही नेमकी तीच काढलीत, जिथे माणसं खुर्चीवरून उठतात. त्या मुलीचं नाव तिथे काढायचं नाही, ते तुमच्याकडेच ठेवा. पण आजारी कोण आहे, कुणाच्या पोराची फी राहिलीय, आजींना बँकेत कोण नेणार, हे दहा मिनिटांत ठरतं. वेळ कमी पडत असेल तर गाणी कमी करा. हे लिहिताना माझाच जीव वर-खाली होतोय, कारण आपल्याकडे भजनाला कात्री लावणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तरी दोनच गाणी घ्या.

पुढच्या गुरुवारी वादळाचा उतारा पुन्हा घेऊ नका, सगळ्यांचं लक्ष रिकाम्या खुर्चीकडे जाईल. तेरावं स्तोत्र घ्या. सहाच ओव्या आहेत, आणि सुरुवातच 'कोठवर' असं विचारत होते. आपल्या मंडळीतल्या लोकांना स्तुतीची स्तोत्रं तोंडपाठ असतात, ही नसतात. ते जमलं तर पुढे कधीतरी अठ्ठ्याऐंशीवं घ्या. ते अंधाराशी येऊन संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. शास्त्र एकत्र करणाऱ्या कुणीही तिथे ती जोडली नाही. तुमच्याकडे कुणी जोडायला लागलं तर हळूच हात दाखवून थांबवा.

घड्याळ या वेळी तुम्ही धरू नका. तीन मिनिटं झाली हे सांगायचं काम आजींना द्या. झोप लागली तर पाच होतील.